गॅलरीतले कायमचे साडेसहा

आयुष्यातली पहिली सरकारी नोटीस मला आली ती एका सरड्यावरून.

अकोल्याच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, मी तेहतीस वर्षं सहायक होते. माझ्या निवृत्तीच्या वर्षीच प्राणिशास्त्र विभाग बंद झाला. बेडूक, मासे कोणीकोणी नेले. उरला एक हातभर लांबीचा ऑस्ट्रेलियन सरडा. गळ्याखाली काटेरी दाढी, राग आला की ती काळी करून फुगवायचा आणि तासन्‌तास काहीही न करता दगडावर बसून राहायचा. मी त्याला घरी आणलं आणि नाव ठेवलं प्राचार्य. ज्यांनी आमचं कॉलेज पाहिलंय त्यांना नावामागचं कारण सांगावं लागत नाही.

तर प्राण्यांच्या घरांची तपासणी करणाऱ्या निरीक्षक आल्या होत्या, प्रांजली खंडारे नावाच्या. तिशीच्या असतील. बंद फ्लॅटांत हौसेनं पाळलेले प्राणी पटापट मरायला लागल्यावर सरकारनं कायदा केला होता, वर्षातून एकदा तपासणी. त्यांनी प्राचार्यांच्या पेटीत मीटर धरला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, यूव्हीबीची नळी कधीची आहे ही?"

"तेरा महिने झाले असतील. पण चांगली चालून राह्यली ना. बघा, लख्ख उजेड आहे."

"उजेड आहे हो. किरणं नाहीत. नळी पेटते म्हणजे किरणं निघतात असं नसतं. वर्षभरात ती मरतात, उजेड तेवढा मागे राहतो. तुम्ही तर फिजिक्सच्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईनं तेहतीस वर्षं पोरांना 'डोळ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा' म्हणून दटावलं, तिला नोटीस! अठ्ठेचाळीस तासांत नवीन नळी लावा, नाहीतर प्राणी ताब्यात घेऊ. खंडारे मॅडमनी जाताना प्राचार्यांचा जबडा हलकेच दाबून पाहिला. घट्ट होता. "वेळेवर सापडलं," म्हणाल्या. "नाहीतर आधी जबडा रबरासारखा होतो, मग पाय वाकतात."

दुसऱ्याच दिवशी मी नवीन नळी आणली, सोबत स्वतःचा मीटर. आणि पेटी नव्यानं मांडायला बसले.

सरड्याची पेटी मांडणं म्हणजे सूर्याचे तुकडे करून ते पुन्हा जोडणं. खऱ्या उन्हात तीन गोष्टी एकत्र येतात. ऊब, उजेड आणि यूव्हीबी नावाची डोळ्यांना न दिसणारी किरणं. पेटीत तिन्हींची सोय वेगवेगळी करावी लागते. उबेचा दिवा एका टोकाला, त्याखालचा दगड चाळीस अंशांपर्यंत तापलेला, आणि दुसरं टोक थंड, म्हणजे गरम वाटलं की प्राणी स्वतः उठून जातो. त्याला निवड लागते. सगळी पेटी एकसारखी तापवली तर तो भाजून मरतो. यूव्हीबीची नळी उबेच्याच बाजूला, दगडापासून वीतभरापेक्षा थोडी जास्त उंच, आणि मधे काच नको. काचेतून ऊब येते, उजेड येतो, यूव्हीबी येत नाही. ती किरणं कातडीवर पडली की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते असलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नसेल तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं आणि हाडं मऊ पडतात. दगडावर मीटर धरला की आकडा तीनच्या आसपास यायला हवा. माझ्या पेटीत आला तीन पूर्णांक दोन. प्राचार्य दगडावर चढले, डोळे मिटले. मला बरं वाटलं.

तिथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मीटर नवा होता आणि माझा हात शिवशिवत होता. म्हटलं, वरच्या गॅलरीत मोजून बघू.

ही गॅलरी काय ते सांगायला हवं. आता वर्षातले आठ महिने आमच्याकडे दहा ते पाच उन्हबंदी असते. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांत बाहेर पडायचं नाही, मुलांनी तर नाहीच. खिडक्यांना किरणरोधक पडदा. म्हणून आमच्या छत्रछाया सोसायटीनं चार वर्षांपूर्वी गच्चीवर बंदिस्त दालन बांधलं, थंडगार, आणि छताला लावला सूर्यपट. सूर्यपट म्हणजे लाखो बारीक दिव्यांची चादर. दिवसाच्या कुठल्याही वेळेचं ऊन ती हुबेहूब पाडते, फक्त ऊब वगळून. यंत्र खरंच उत्तम आहे. मी आजही त्याला नावं ठेवत नाही.

विकायला आलेल्या माणसानं सभेत विचारलं होतं, "कोणत्या वेळेचं ऊन हवं? एक वेळ ठरवा, दिवसभर तेच ठेवू." आणि सगळी सभा एका सुरात म्हणाली, कोवळं ऊन! बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवायचं, हे कोणाला शिकवावं लागतं का? दुपारचं ऊन बाधतं, हेही सगळ्यांना ठाऊक. ठराव मांडला गुलाबराव काळमेघांनी. त्याला अनुमोदन देऊन वर पाच मिनिटं भाषण कोणी ठोकलं, तर मी. तेव्हापासून आमच्या गॅलरीत सकाळचे साडेसहा वाजलेले आहेत. दुपारी बाराला जा, संध्याकाळी पाचला जा, साडेसहाच.

मी छताखाली मीटर धरला. शून्य पूर्णांक दोन.

मीटर बंद करून पुन्हा सुरू केला, दुसऱ्या कोपऱ्यात गेले. शून्य पूर्णांक दोन. सभोवती आठ-दहा आया चादरी अंथरून बसल्या होत्या, उघडी बाळं हातपाय हलवत पडली होती, आणि सगळी मिळून घेत होती काय? उजेड.

यंत्र बिघडलं नव्हतं. साडेसहाचं खरं ऊनही तसंच असतं. सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा किरणं तिरकी येतात, त्यांना हवेचा फार जाड थर ओलांडावा लागतो आणि यूव्हीबी वाटेतच शोषली जाते. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तोवर हाडांच्या उपयोगाचं ऊन जवळजवळ नसतंच. हे मला माहीत होतं. तिरक्या किरणांचा प्रयोग मी स्वतः दरवर्षी टेबलावर मांडून द्यायचे. आणि भाषण मात्र आजीच्या तोंडचं केलं.

मग मला ओजू आठवली.

ओजस्वी माझी नात. माझा मुलगा तन्मय आणि सून ऋतुजा याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहतात, मी चौथ्यावर. ओजू वीस महिन्यांची झाली होती तरी हात सोडून चालत नव्हती. उभी राहिली की गुडघ्यांमधून बॉल जाईल एवढी फट. झोपेत डोक्याला दरदरून घाम. मनगटं जाडजूड, त्यावरून मी कौतुकानं म्हणायचे, कशी भरलेली आहेत माझ्या बाईची! गच्चीवरून जिन्यानंच खाली नवव्यावर गेले. तिचं मनगट हातात घेऊन चाचपलं. मांस नव्हतं ते. हाडाचं टोक फुगलं होतं.

"तन्मय, हिला आजच्या आज हाडाच्या डॉक्टरकडं ने. गॅलरीत यूव्हीबी नाही. मी मोजलं."

तन्मय सोसायटीचा सचिव. तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "आई, सगळ्याच पोरांचे पाय या वयात असे असतात. आपोआप सरळ होतात. अन् मोजलं कशानं? सरड्याच्या मीटरनं?"

"किरणं काय सरड्याची वेगळी आणि ओजूची वेगळी असतात काय रे?"

ऋतुजानं फोन माझ्यापुढे धरला. आरोग्य खात्याचं सूर्यनोंद नावाचं ॲप. मूल गॅलरीत तासभर राहिलं की त्या दिवसापुढे हिरवी खूण. "बघा आई. तिच्या जन्मापासूनच्या खुणा. एक दिवस रिकामा आहे का? सांगा ना."

नव्हता. सगळं हिरवंगार. खरी गोम तिथंच होती. ज्या मुलांपुढे हिरवी खूण, त्यांना आरोग्य केंद्र ड जीवनसत्त्वाचे थेंब देत नाही. ऊनही आणि थेंबही झाले तर जास्त होऊन मूत्रपिंडाला बाधतं, म्हणून नियमच तसा. झोपडपट्टीतल्या पोरांना गॅलरी नाही, त्यांना थेंब मिळतात, त्यांचे पाय सरळ. आमच्या पोरांना खूण मिळते. त्या खुणेनं मोजला होता गॅलरीतला वेळ. ऊन कोणी मोजलंच नव्हतं.

"डॉक्टरही तेच बघतात," ऋतुजा म्हणाली. "मागच्या महिन्यात विचारलं मी त्यांना, चालत का नाही म्हणून. त्यांनी खूण पाहिली, म्हणाले ऊन उत्तम आहे, वाट बघा."

मी ओरडले. नको ते बोलले. तुम्ही शिकलेले गाढव आहात म्हणाले. ओजू रडायला लागली तेव्हा गप्प झाले.

रविवारी सोसायटीची सभा होती. मी आकडे लिहून नेले. गॅलरीत शून्य पूर्णांक दोन, सरड्याच्या पेटीत तीन पूर्णांक दोन. मागणी एकच, सूर्यपट दुपारी बारावर आणा, मुलांना रोज दहा मिनिटं तिथं न्या, दहाच मिनिटं, आणि मग पुन्हा करा तुमचे साडेसहा.

गुलाबराव काळमेघ उठले. वय पंचाहत्तर, आवाज मिरवणुकीतला. "काहून वो इंगळेबाई, लेकरायले दुपारच्या उन्हात टाकता काय? आमच्या मायनं आम्हाले कोवळ्या उन्हातच शेकलं. हाडं पाहा आमचे, अजून लोखंडावानी हायेत!"

"गुलाबराव, तुमची हाडं कोवळ्या उन्हानं नाही झाली. भर दुपारी उघड्या अंगानं कैऱ्या पाडत हिंडलात, त्यानं झाली. तुमच्या नातवानं दुपार पाहिलीच नाही!"

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, बाई. तुमी कायले सूर्यापर्यंत चालल्या?"

सगळे हसले. हसू द्या, मला त्याचं काही नाही. पण मी तन्मयकडे पाहिलं. तो सचिवाच्या खुर्चीत, ठरावाच्या वहीत डोकं घालून बसला होता. मी म्हटलं, "सचिवसाहेब, तुमच्या मुलीचे पाय या सभेला दाखवू का?" तेव्हा त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "मतदान घ्या." माझ्या बाजूनं एक मत पडलं. माझं.

तेव्हा जो राग आला तो आजही उतरलेला नाही. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, आणि आधी स्वतःचं, कारण त्या कोवळ्या उन्हाला टाळ्या मिळवून देणारी मीच होते.

सोमवारी मी औषधाच्या दुकानातून थेंब आणले आणि ओजूला सांभाळायच्या वेळेत तिच्या दुधात घालायला लागले. चौथ्या दिवशी ऋतुजाला बाटली सापडली. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. तिनं बाटली मोरीत उपडी केली आणि म्हणाली, "आई, तिचं मूत्रपिंड गेलं असतं तर? उद्यापासून ओजूला तुमच्याकडे पाठवणार नाही."

"तू तपासणी कर. एक फोटो काढ हाडाचा. माझं चुकलं तर तुझ्या पाया पडेन."

"डॉक्टर नको म्हणाले ना! तुमचं ऐकू की डॉक्टरांचं? तुम्ही असिस्टंट होतात आई, डॉक्टर नव्हतात."

दार लागलं. नवव्या मजल्यावरच्या त्या दाराशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. आतून ओजूचा आवाज येत होता. आज्जी, आज्जी. खाली आले, तर प्राचार्य आपल्या दगडावर पाय पसरून, तीन पूर्णांक दोनच्या उन्हात सुखानं पडलेले. त्यांचाही राग आला. मेल्या, तुझ्यासाठी कायदा आहे. तुझ्यासाठी सरकार मीटर घेऊन दारात येतं. आणि माझी नात?

म्हणून मी ती नोटीस पुन्हा काढली आणि मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचला. कलम चार. 'बंदिस्त निवासात ठेवलेला कोणताही पृष्ठवंशी प्राणी.' कोणताही. ज्याला पाठीचा कणा आहे तो. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सरडे, कासवं, पोपट असतील. पण लिहिलं होतं ते लिहिलं होतं.

तपासणीचा अर्ज ऑनलाइन होता. निवासाचा प्रकार, काचबंद, कृत्रिम प्रकाश. प्राण्याचं नाव, ओजस्वी. वय, वीस महिने. लक्षणं, पुढच्या पायांचे सांधे सुजलेले, मागचे पाय वाकलेले, चाल नाही. प्रजातीच्या यादीत आम्ही नव्हतो. 'इतर' निवडलं आणि लिहिलं, माणूस. यंत्रानं घेतलं. लक्षणं गंभीर म्हणून तातडीचा क्रमांकही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास खंडारे मॅडम दारात. हसत नव्हत्या.

"मावशी, खोटा अर्ज म्हणजे गुन्हा आहे."

"एकही शब्द खोटा असेल तर मला आत टाका. आधी वर चला. मीटर घ्या."

गॅलरीत त्यांच्या मीटरनंही शून्य पूर्णांक दोनच दाखवलं. त्या चादरींवरच्या बाळांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं मी कासव ठेवू दिलं नसतं." आणि जिन्याकडे वळल्या.

नवव्या मजल्यावर तन्मयनं दार उघडलं. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा तापला, पण मॅडमच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून बाजूला झाला. ऋतुजा ओजूला कडेवर घेऊन बाहेर आली. खंडारे मॅडमनी ओजूशी थोडं खेळल्यासारखं करत तिचं मनगट धरलं, अंगठा फिरवला. मग गुडघ्यांवर बसून पाय पाहिले.

"मी डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "माणसांचं मला कळत नाही. पण हे असं मनगट मी महिन्यातून दहादा पाहते. इग्वानात. घोरपडीएवढा दांडगा प्राणी, अन् उचलला तर पाय मोडतो हातात. ताई, माझ्याजवळ हाडाचा फोटो काढायचं छोटं यंत्र आहे. प्राण्यांचं आहे, पण हाड ते हाडच. एक क्षण लागेल. फक्त मालकाची संमती लागते."

"मालक?" तन्मय भडकला. "माझी मुलगी आहे ती! जनावर आहे काय?"

"जनावर असती तर तिला इतकं थांबावं लागलं नसतं, रे!" मी म्हटलं. माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "त्या सरड्यासाठी या मॅडम दोन दिवसांची नोटीस घेऊन धावल्या. तुझ्या मुलीसाठी कोण आलं? तू आलास? हिरवी खूण आली! कर सही. मालक म्हणून कर, बाप म्हणून तर करत नाहीस!"

तन्मय जागचा हलला नाही. ऋतुजानं त्याच्याकडे पाहिलं, मग ओजूच्या मनगटाकडे, जणू पहिल्यांदाच बघत होती. "सही कर," ती म्हणाली. तन्मयनं सही केली.

ओजूचा हात सोफ्यावरच्या उशीवर ठेवला. टिक असा आवाज झाला. मॅडमच्या हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर चित्र उमटलं. शेजारी त्यांनी निरोगी हाडाचं चित्र ठेवलं, म्हणजे वेगळं सांगावं लागू नये. निरोगी हाडाचं टोक सरळ, कापल्यासारखं. ओजूचं टोक वाटीसारखं खोलगट, कडा विरलेल्या, जुन्या चादरीच्या काठासारख्या.

"हे आत्ता दवाखान्यात घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. "ॲपवरची खूण दाखवू नका. हे दाखवा. अजून लहान आहे, औषधानं भरून येईल. पाय बरेचसे सरळ होतील."

"बरेचसे?" ऋतुजानं विचारलं.

मॅडम यंत्र आवरायला लागल्या. ऋतुजा खाली बसली. "मी रोज नेलं हो तिला," ती म्हणाली. "ताप होता तेव्हापण नेलं. एक दिवस चुकवला नाही मी." कितीतरी दिवस हिला फाडून खाईन असं मी मनात म्हणत होते. आता तिच्याकडे बघवेना. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि ओजूला मांडीवर घेतलं. कोणी अडवलं नाही.

मॅडमनी नोटीस लिहिली. छत्रछाया सोसायटी, सचिव यांस. कलम चारनुसार अठ्ठेचाळीस तासांत पुरेसं यूव्हीबी, अन्यथा निवास सील. तन्मयनं त्यावरही सही केली, आता सचिव म्हणून. मग तो मॅडमना म्हणाला, "उद्या समिती याला स्थगिती आणेल. एक चूक झाली म्हणतील, एकाच घरची तक्रार आहे म्हणतील. असे अर्ज किती भरता येतात?"

"प्राणी असतील तितके. पण मालकाची संमती प्रत्येकाची."

"सोसायटीत सत्तेचाळीस मुलं आहेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माफी मागेल असं वाटलं, आणि मागितली असती तर मी दिली नसती. माझ्या नातीचे पाय बरेचसे सरळ होणार होते, आणि तो 'बरेचसे' माझ्याकडून कोणालाही माफ होणार नव्हता. मलासुद्धा नाही. त्यानंही मागितली नाही. ऋतुजाला म्हणाला, "तू अन् आई ओजूला घेऊन दवाखान्यात जा. मी येतो मागून." आणि खंडारे मॅडमना घेऊन जिन्यानं निघाला, हातात ओजूच्या हाडाचा फोटो.

आम्ही लिफ्टसाठी उभ्या होतो तोवर खालून आवाज आला. आठव्या मजल्यावर तो काळमेघांचं दार बुक्क्यांनी वाजवत होता. दार उघडलं. गुलाबराव नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काय हाय रे?"

"काका, तुमच्या नातवाचं मनगट पाहू द्या," तन्मय म्हणाला. "आत्ता."